पाद्र्याच्या देवळाचे ओव्हरसियर

पाद्र्याच्या देवळाची दुरुस्ती ज्यांनी आखली, ते गृहस्थ त्या देवळात पाऊल टाकत नसत. हे वाक्य मी शाळेत फळ्यावर लिहिलं असतं तर पोरांनी त्यात चूक शोधली असती. चूक नव्हती. महाराजांच्या राज्यात, त्या वर्षांत, असली वाक्यं कोल्हापूरच्या रस्त्यांवरून डोक्याला पागोटं घालून हिंडत असत.

ते दरबारच्या बांधकाम खात्यातून पेन्शनीत निघालेले ओव्हरसियर. त्यांचं नाव सांगत नाही. नातवंडं-पतवंडं अजून गावात आहेत आणि मला त्यांच्या गल्लीवरून जावं-यावं लागतं. नावाची गरजही नाही. सगळं गाव त्यांना ओव्हरसियर म्हणे. त्यांची बायकोसुद्धा. "ओव्हरसियर पानावर बसलेत, नंतर या," असं त्या माउलीला दारावरच्या माणसाला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे.

मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. आमचं घराणं कोडोलीचं. माझा आजा ख्रिस्ती झाला, त्याआधी आम्ही गावकुसाबाहेरचे. ओव्हरसियर मला 'मास्तर' म्हणत, पण एकेरीत. "मास्तर, इकडं ये." पदवी मिशनची आणि क्रियापद जातीचं.

देऊळ होतं शहराच्या पूर्वेला. तिथून पुढं शाहूपुरीची पेठ तेव्हा नुकती वसत होती. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, सागवानी छपराची ती इमारत पहिल्या पाद्र्यांनी माझ्या बापाच्या लहानपणी उभी केली होती. आमच्या मंडळीत तिला मोठा मान. आमच्या बापजाद्यांना ताठ मानेनं आत जाता आलेलं ते पहिलं दगडी दार. पण मानाला गळती चुकत नाही. पावसाळ्यात आम्ही उपासनेला छत्र्या घेऊन बसत असू. स्तोत्रांची पुस्तकं भिजतात म्हणून मिटून पोटाशी धरावी लागत, त्यामुळं साऱ्या मंडळीला सगळी स्तोत्रं पाठ झाली. गळक्या छपराचा एवढाच काय तो धार्मिक उपयोग.

त्या सुमाराला अमेरिकेहून नवे पाद्रीसाहेब आले. माणूस भला, पण उत्साह फार. आल्या आल्या त्यांनी ठरवलं की सगळं लाकडी छप्पर उतरवायचं, लोखंडी कैच्या घालायच्या, वर पत्रा ठोकायचा आणि पुढं एक मनोरा बांधून त्यात घड्याळ बसवायचं. का, तर त्यांच्या गावी तसं होतं. मराठी ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळं त्यांची लिंगं छपरासारखीच कुठंही गळत. "जुना लाकूड गेली पाहिजे," ते म्हणत, आणि आम्ही माना डोलवत असू. साहेबाच्या व्याकरणाला आणि साहेबाच्या मनोऱ्याला विरोध करायची आमच्यात पद्धत नव्हती.

विरोध केला तो ओव्हरसियरनी. एका सकाळी धोतर, उपरणं, पागोटं आणि काखेत छत्री अशी एक मूर्ती आवारात आली आणि देवळाच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली.

"पत्रा कुणी सुचवला?"

पाद्रीसाहेब दारात आले. "मी सुचवला."

"तुम्ही देव मानता ना?"

"मानतो."

"मग त्याच्या डोक्यावर डबा का उपडा घालता?"

पाद्रीसाहेब हसले. इथंच त्यांचा पराभव झाला. हसणाऱ्या माणसाला ओव्हरसियर आपल्या हाताखालचा समजत.

मागाहून कळलं की हे देऊळ बांधलं जात होतं तेव्हा ओव्हरसियर ऐन विशीत होते आणि याच कामावर नकाशे उतरवायला होते. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं काम. छपराची मधली मोठी तुळई त्यांनी स्वतः वखारीत जाऊन, ठोकून, कान लावून निवडली होती. पुढं त्यांनी दरबारचे पूल बांधले, धर्मशाळा बांधल्या, पण बोलत ते या तुळईबद्दल. पेन्शनीत निघाल्यापासून घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं आणि दरबारात नवी माणसं भरली होती. तेव्हा आपली तुळई वाचवण्यासाठी ते पाद्र्याच्या पायरीशी आले. पाद्रीसाहेबांनीही दरबारात चौकशी केली. उत्तर आलं, त्या इमारतीची नाडी जाणणारा दुसरा माणूस कोल्हापुरात नाही. पण हा माणूस आत येणार नाही, हे काही त्या उत्तरात नव्हतं.

ते त्यांनी स्वतःच सांगितलं. "आवाराची जमीन दरबारची. पहिली पायरी जोत्याची, म्हणजे तीही दरबारची. दुसरी पायरी तुमच्या येशूची. मी पहिलीवर थांबणार."

"पण बांधताना तुम्ही आत होता!" पाद्रीसाहेब म्हणाले.

"तेव्हा नुसत्या भिंती होत्या. ज्या दिवशी तुमच्या लोकांनी पहिली प्रार्थना केली त्या दिवशी दगडांना धर्म चिकटला. मी आदल्या दिवशी संध्याकाळी बाहेर पडलो."

गावात तेव्हा कुणी वेदोक्त मंत्र म्हणावेत आणि कुणी पुराणोक्त, यावरून घराघरांत भांडणं पेटलेली. त्या मानानं दगडांना धर्म कधी चिकटतो हा प्रश्न सोपा होता. आम्ही तो मान्य केला.

मग दुरुस्तीच्या सभा उंबऱ्यावर भरू लागल्या. पाद्रीसाहेब दाराच्या आत खुर्चीवर. ओव्हरसियर बाहेर, पहिल्या पायरीवर मांडलेल्या तिवईवर, उन्हात. मध्ये उंबरा, आणि उंबऱ्यावर पसरलेला नकाशा, अर्धा आत, अर्धा बाहेर. ओव्हरसियर आपल्या अर्ध्यावर बोट ठेवत आणि उरलेल्या अर्ध्यासाठी छत्री वापरत. "छत्रीला जात नसते," असं त्यांचं मत. छत्री त्यांनी घरात मात्र कधी नेली नाही. ती वर्षभर त्यांच्या वळचणीला टांगलेली असे.

मापं घ्यायची तर मी आत जायचं, टेप लावायचा आणि आकडा ओरडायचा. आकडा त्यांना आवडला नाही तर मला परत लावायला सांगत, तो आवडेपर्यंत. छप्पर आतून पाहायची त्यांनी निराळी युक्ती काढली होती. दाढीचा आरसा बांबूच्या टोकाला बांधायचा आणि खिडकीतून आत सारायचा. मी आतून बांबू धरून फिरायचं आणि ते बाहेरून डोळे बारीक करून बघत.

"डावीकडं. अजून डावीकडं. वर कर. मास्तर, मला छप्पर बघायचंय, तुझं थोबाड नाही!"

असं त्यांनी सगळं देऊळ वाडग्याएवढ्या तुकड्या-तुकड्यांत पाहिलं. आणि खरं सांगायचं तर नीट पाहिलं. कुठली रीप बदलायची, कुठं कौलं सरकलीत, कुठल्या भिंतीत पाणी मुरतंय, सगळं त्यांनी पायरीवरून ओळखलं. "भिंतीत पाणी आणि माणसात हुद्दा मुरला, की वर कितीही गिलावा करा, फुगणारच," असं ते पाद्रीसाहेबांकडं बघून म्हणत. स्वतः पेन्शनीत निघून इतकी वर्षं झाली तरी ओव्हरसियरच राहिलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य फार शोभून दिसे.

देवळाची झाडलोट करायची आमची सगुणाआत्ती. माझी सख्खी आत्या नव्हे, पण कोडोलीची, म्हणून सगळ्यांची आत्ती. विधवा बाई, आवारातच एका खोलीत राही. उपासनेला येणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ भरून ठेवणं हेही तिचं काम. ओव्हरसियर तिच्याशी थेट बोलत नसत आणि तीही त्यांच्याशी बोलत नसे. दोघांच्या मध्ये मी.

"मास्तर, त्येंला सांग, छत्री भाईर घ्या म्हणावं. आताच फरशी पुसलीया."

"मास्तर, तिला सांग, मी मोजमाप करतोय."

"मास्तर, इच्यार त्येंला, मोजमाप चिखलानं करत्यात व्हय?"

दोघंही एकमेकांपासून दोन हातांवर. दोघांनाही ऐकू येत होतं. मी मराठीचं मराठीत भाषांतर करत उभा.

सगळं सुरळीत चाललं होतं ते तुळईपर्यंत. पाद्रीसाहेब मनोरा सोडायला तयार झाले, घड्याळ सोडायला तयार झाले, पण छपराचा त्यांना भरवसा वाटेना. मीही एकदा भीत भीत सांगितलं, की मधल्या तुळईखाली बसलं की पुस्तकावर भुसा पडतो.

"तुझ्या डोक्यातला पडत असेल," ओव्हरसियर म्हणाले. "ती तुळई मी निवडली आहे."

पण आरशात तुळईची भिंतीत गेलेली टोकं दिसत नव्हती. पाद्रीसाहेबांनी शेवटचं सांगितलं. "तुळई चांगला आहे असं तुम्ही आत येऊन, हात लावून सांगा. नाहीतर मी लोखंड मागवतो. माझी मंडळी याच्याखाली बसते. मुलं बसतात."

हे मात्र त्यांनी हसून सांगितलं नाही. ओव्हरसियर छत्री घेऊन निघून गेले. आम्हांला वाटलं, संपलं. लोखंड येणार.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. रविवारच्या उपासनेसाठी कोडोलीहून मंडळी बैलगाड्यांतून येऊन आवारात उतरत होती. तेवढ्यात ओव्हरसियर आले. पागोटं नाही, उपरणं कमरेला बांधलेलं, धोतराचा काचा मारलेला आणि हातात लाकडी मोगरी. मागं एक सुतार बाहेरची शिडी घेऊन.

"मी वरून जाणार," ते म्हणाले. "कौलं काढून तुळई ठोकून बघणार. छपरावर आकाश. आकाश कुणाच्या धर्मात नाही."

"ओव्हरसियरसाहेब, आत मोठा शिडी आहे!" पाद्रीसाहेब कळवळून म्हणाले.

"आत आहे ना? मग तुमच्याजवळच राहू द्या."

साठी उलटलेला माणूस, पण चढले. अख्खी कोडोली खाली माना वर करून उभी. "म्हातारं पडतंय आता," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. मी पळत आत गेलो, कारण त्यांनी वरून ओरडून तशी आज्ञाच केली होती. आत सगुणाआत्ती उद्यासाठी सतरंज्यांची चळत लावत होती.

वरची चार कौलं निघाली आणि उजेडाच्या चौकोनातून ओव्हरसियरचं डोकं, मग खांदे, मग मोगरीचा हात आत आला. ते पालथे पडून ठोकू लागले. उत्तरेच्या अंगाला टण्. मध्ये टण्. त्यांचा चेहरा फुलला. "ऐक, मास्तर, ऐक! याला लाकूड म्हणतात!" मग ते सरकत दक्षिणेच्या टोकाशी गेले, तिथली कौलं काढली आणि ठोकलं.

डब्.

त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा डब्. आपल्याच पोराला चोरी करताना धरावं तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांना ते पटेना. कान लावायला ते अजून पुढं वाकले, खालची रीप मोडली, आणि कौलं, रीप, मोगरी आणि दरबारचे माजी ओव्हरसियर असे सगळे मिळून पाद्र्याच्या देवळात आले.

सतरंज्यांच्या चळतीवर पडले म्हणून वाचले. पण एक पाय फरशीवर आपटला आणि गुडघ्याखाली मोडला. पाद्रीसाहेब सुताराला घेऊन डॉक्टरला आणायला धावले. दारात गर्दी झाली ती मी बाहेरच थोपवली. परत येऊन बघतो तर ओव्हरसियरनी डोळे उघडले होते आणि ओठ हलत होते.

"पाणी."

सगुणाआत्तीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. बाहेर एवढी माणसं होती, पण त्यांच्यात एकाच्याही हातचं पाणी या माणसाच्या शास्त्रात बसत नव्हतं.

"पाणी दे गं बाई," ओव्हरसियर म्हणाले. थेट तिला.

तिनं माठातून तांब्या भरला, एका हातानं त्यांची मान उचलली आणि तोंडाला लावला. ते घटाघटा प्याले. अजून मागितलं, अजून प्याले. मग मान मागं टाकून पडून राहिले आणि वर बघू लागले. अख्खं छप्पर, एका नजरेत.

"मास्तर, आतून बरं दिसतं रे," ते म्हणाले. आणि त्याच दमात पुढं म्हणाले, "पण तो खांब निळा कुणी रंगवला? गाढवानं?" मग डोळे मिटले. "दक्षिणेचं टोक सडलंय. पाद्र्याला सांग. फक्त तुळई बदला. बाकी छपराला हात लावाल तर याद राखा."

डॉक्टरनं पायाला फळ्या बांधल्या. आता घरी न्यायचं कसं? आमच्यातल्या चौघांनी बाज उचलली आणि शहरातून त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. तिथं त्यांचे भाऊबंद आडवे आले. "थांबा, थांबा! पुढं येऊ नका. खाली ठेवा." चौघांनी बाज खाली ठेवली आणि मागं सरले. पण आता ही बाज आणि बाजेवरचा माणूस आमच्या हातांनी विटाळलेला, म्हणून भाऊबंदही हात लावीनात. आम्ही पुढं जायचं नाही, ते पुढं येणार नाहीत. भर उन्हात रस्त्याच्या मधोमध ओव्हरसियर मोडका पाय घेऊन पडलेले आणि दोन्ही बाजूंना शिव्या देत होते. आम्हांला 'सोडून चाललात' म्हणून, आणि त्यांना 'येत नाही' म्हणून.

शेवटी एक बागवान पेरूची हातगाडी घेऊन चालला होता. त्यानं विचारलं, "क्या हुआ, पावणं?" त्यानं पेरू एका बाजूला सारले, ओव्हरसियरना उचलून गाडीवर घेतलं आणि ढकलत दारात नेऊन पोचवलं. मुसलमानाचा विटाळ नेमका किती धरायचा हे भाऊबंदांना पटकन आठवेना. आठवेपर्यंत बागवान पेरू विकत पुढच्या गल्लीत गेला होता.

त्यानंतर ओव्हरसियर ओसरीवर आणि मी त्यांच्या अंगणात, असं काम सुरू झालं. ते पडून सांगत, मी उभं राहून लिहून घेई. पाद्रीसाहेबांनी लोखंडाचा नाद सोडला आणि कारवारकडून साग आला. कुठं टेकू द्यायचे, तुळई कशी चढवायची, सगळं त्यांनी ओसरीवरून आखलं. एकदा त्यांच्या कुळाचे शास्त्रीबुवा ओसरीवर बसले होते, तेव्हा मी अंगणात होतो. प्रायश्चित्ताची घासाघीस चालली होती.

"शास्त्रीबुवा, प्रवेश म्हणजे दारातून पायांनी केलेली क्रिया," ओव्हरसियर म्हणत होते. "मी प्रवेश केलाच नाही. मी वरून पडलो. तो प्रवेश नव्हे, ते पतन."

शास्त्रीबुवांनी तपकिरीची चिमूट ओढली. "पतन झालं हे आपणच म्हणता. मग पतित म्हणायला आमची काय हरकत?"

आतून बांगड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ हसू. त्या माउलीला मी तेवढ्या एकदाच हसताना ऐकलं.

पडण्याचं प्रायश्चित्त त्यांनी घेतलं. पंचगव्य प्याले, डोकं भादरून घेतलं. पण दारातून डोकावलेल्या आमच्यातल्याच एका शहाण्यानं शाहूपुरीत दुकानावर बसून छाती फुगवून सांगितलं, की ओव्हरसियर आमच्या आत्तीच्या हातचं पाणी प्याले. बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. पडणं वेगळं, पाणी वेगळं. त्यांची नात मिरजेकडच्या एका घरात द्यायची ठरली होती. शास्त्रीबुवांनी सांगितलं, पाणी प्यायले असतील तर या घरात लग्न लागायचं नाही. पाहुण्यांनीही कळवलं, आधी खात्री करा.

ओव्हरसियर म्हणाले, "मी बेशुद्ध होतो. मला आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी मी अंगणात गेलो तेव्हा ओसरीवर ते एकटेच होते. खांबाआड ती नात उभी होती. डोळे सुजलेले. मी प्रथमच तिला पाहिलं. तेरा-चौदा वर्षांची पोर.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "तुमच्या धर्मात खोटं चालत नाही ना?"

"नाही."

"हं." ते छताकडं बघू लागले. "तुळईच्या टोकाखाली दगडी बैठक घाल म्हणावं. लाकूड भिंतीच्या मातीला लागता कामा नये." बस्स. त्यांनी माझ्याकडं मागणं मागितलं नाही. त्यांना ते येतच नसावं.

त्याच आठवड्यात शास्त्रीबुवा खात्री करायला आवारात आले. सोबत दोन भाऊबंद. ते फाटकाच्या बाहेर थांबले. पाद्रीसाहेब म्हणाले, "मी डॉक्टरला आणायला गेला होता. आत हा मास्तर होता." सगळे माझ्याकडं बघू लागले. पाद्रीसाहेबही. मी रोज पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवणारा माणूस.

"शास्त्रीबुवा," मी सुरुवात केली.

"त्येला काय इच्यारताय?" सगुणाआत्ती हातात खराटा घेऊन मागून आली. "त्यो भाईर गर्दी हाकत हुता. आत मी हुते."

खोटं नव्हतं. निदान अर्धं तरी खरं होतं.

शास्त्रीबुवा तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "त्यांनी तुझ्या हातचं पाणी घेतलं का?"

"घेतलं म्हंजी काय हुतंय?"

"लग्न मोडतं."

आत्तीनं खराटा दुसऱ्या हातात घेतला आणि तोंड वेंगाडलं. "काय बोलताय, पावणं! आमी बामनाला पाणी देत न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? आमचं भांडं बाटतंय. त्यो मागत हुता की. वरडत हुता. पर आमच्यात चालत न्हाय. एकदा बामनाचं त्वांड लागलं म्हंजी भांडं फेकूनच द्यावं लागतंय. गरिबाला कसं परवडावं?"

मी आजवर पुष्कळ शास्त्रार्थ ऐकले. समोरच्या पंडिताला असा गप्प झालेला कधी पाहिला नाही. यावर काय म्हणायचं ते शास्त्रीबुवांच्या कुठल्याच पोथीत नसावं. आपल्यामुळंही कुणाचं काही बाटू शकतं ही कल्पना त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. पण साक्ष मात्र हवी होती तशीच मिळाली होती. ते वळले आणि घाईनं निघून गेले.

पाद्रीसाहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. "सगुणाबाई, तू खोटं बोलली."

"सायेब, तुमी तवा हितं हुता का?"

"नाही."

"मंग तुमाला काय ठावं?"

पुढच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी सत्य या विषयावर लांबलचक प्रवचन केलं आणि सबंध वेळ आत्तीकडं बघत राहिले. आत्ती भिंतीला टेकून झोपली होती.

वैशाखात लग्न लागलं. ओव्हरसियरची नात मिरजेला गेली. आणि त्याच लग्नाच्या पंगतीत शास्त्रीबुवांनी, आता सगळं निभावलं म्हणून, पाहुण्यांना हसवायला ती गोष्ट रंगवून सांगितली. ती बाई काय म्हणाली, कसं म्हणाली, भांडं फेकावं लागतंय वगैरे. पंगत हसली. ओव्हरसियरच्या हातातला घास हातातच राहिला म्हणतात. ते पानावरून उठले.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी रडगाणं नको. पुढं त्यांना जातीनं वाळीत टाकलं. मिरजेच्या पाहुण्यांनी दोन वर्षं नातीला माहेरी धाडली नाही, मग पहिलं मूल झाल्यावर धाडली. ओव्हरसियर एकटे जेवत. "पंगतीत बडबड फार असते," म्हणत. काही वर्षांनी गेले, तेव्हा खांदा द्यायला भाऊबंद आले. मेल्यावर माणसाचा विटाळ सगळ्यांना सारखाच असतो.

पण त्याआधीचा, लग्नानंतरचा तो रविवार. तुळई चढली होती, कौलं बसली होती, टेकू निघाले होते, तो निळा खांब पुन्हा दगडाच्या रंगाचा झाला होता. देऊळ त्यांनी म्हटलं तसं, होतं तसं झालं होतं. कोडोलीची सगळी मंडळी सतरंज्यांवर दाटीनं बसली होती. पाद्रीसाहेब वाचन करत होते.

बाहेर काठीचा आवाज आला. ओव्हरसियर पहिल्या पायरीवर आले. थांबले नाहीत. दुसरी चढले, चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि लंगडत, मंडळीच्या मधून वाट काढत, थेट पुढं येऊन उभे राहिले. भादरलेल्या डोक्यावर केसांची खुंटं उगवली होती. चेहरा लालबुंद. पाद्रीसाहेबांचं वाचन थांबलं.

"कुठं आहे ती बाई?"

सगुणाआत्ती माठाजवळून उठली. "काय पायजे?"

"माझ्यामुळं भांडं बाटतं तुझं?" त्यांनी काठी फरशीवर आपटली. "माझ्यामुळं? आमच्या घरात चार पिढ्या अग्निहोत्र होतं! आण ते भांडं."

"कोन्चं?"

"तेच! आण इकडं!"

आत्तीनं तांब्या भरला आणि पुढं केला. त्यांनी तो हिसकावून घेतला. आपल्याकडं वरून धार धरून पितात, तसं नाही. त्यांनी काठ तोंडाला लावला, मिशा पाण्यात बुडवल्या आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मग उपरण्यानं तोंड पुसून तांब्या तिच्या हातात आदळला.

"घे. आता बाटलं. बस घासत."

सगुणाआत्तीनं तांब्यात डोकावून पाहिलं.

"घासते की," ती म्हणाली. "पर आदी खाली बसा. मागच्यांस्नी पाद्री दिसंनात."

ओव्हरसियरनी वळून मागं पाहिलं. अख्खी कोडोली माना वाकड्या करून, त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंनी पुढं बघायचा प्रयत्न करत होती. पुढच्या रांगेतला एक शेतकरी थोडा सरकला आणि त्यानं सतरंजीवर हातानं थोपटलं. ओव्हरसियरनी काठी खाली ठेवली, दुखरा पाय लांब केला, आणि बसले.